कोअर मशीन घ्यायला निघालात? आधी भोकं मोजा

पुण्यात बोहरी आळीतल्या दुकानात कोअर मशीन, म्हणजे भिंतीत-स्लॅबमध्ये पाइपसाठी गोल भोक पाडणारं मशीन मागितलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचं देऊ?" माझं पहिलं मशीन मी याच प्रश्नाचं उत्तर देऊन घेतलं. आकडा मोठा, रंग झकास, भाव आवाक्यातला. क्लच, म्हणजे अडकल्यावर झटका हातापर्यंत येऊ न देणारा भाग, मात्र नव्हता, आणि तो असावा लागतो हे मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका बाथरूमच्या आरसीसी भिंतीत बिट, म्हणजे कापणारं नळकांडं, सळईत अडकलं. बिट थांबलं आणि मशीन फिरलं, माझ्या हातासकट. उजवं मनगट पंधरा दिवस पट्टीत होतं आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं.

तेव्हापासून प्लंबिंग आणि एसी पायपिंगच्या कामात तीन मशीनं वापरून झाली. कुणी विचारलं की मी वॉटचं बोलणं सगळ्यात शेवटी ठेवतो. कोणत्या क्रमानं बघायचं ते सांगतो.

आधी भोकांची यादी

गेल्या सहा महिन्यांतली कामं आठवा आणि किती व्यासाची किती भोकं पाडली ते कागदावर लिहा. घरगुती कामात साधारण हेच आकडे येतात: स्प्लिट एसीच्या तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि ड्रेन एकत्र न्यायला ६५ मिमी. ७५ च्या वेस्ट पाइपला ९० च्या आसपास. संडासाच्या ११० च्या सॉइल पाइपला १२७. किचन चिमणीच्या सहा इंची डक्टला १६० च्या पुढे.

नवखा माणूस ११० च्या पाइपला ११० चंच बिट मागतो. पाइप जातच नाही, आणि ठोकून घातला तरी भोवती ग्राऊट भरायला जागा उरत नाही. मग पहिल्या पावसात खालच्या फ्लॅटचा फोन येतो. १२७ च्या बिटनं चारी बाजूंनी आठ-साडेआठ मिमी मोकळी जागा मिळते, तिथे नॉन-श्रिंक, म्हणजे सुकताना न आकसणारं ग्राऊट नीट बसतं.

यादीत १६० ची भोकं महिन्याला एक-दोनच असतील तर त्यांच्यासाठी मशीन घेऊ नका. ती भाड्याच्या मशीनवर किंवा कोअर कटिंगवाल्याकडून करून घ्या. जे रोज लागतं त्यावर मशीन ठरवायचं.

मग भिंत कशाची ते बघा

पूर्वी इमारतीत आरसीसी म्हणजे कॉलम, बीम आणि स्लॅब. बाकी वीट. नऊ इंची भिंत २३० मिमी, साडेचार इंची ११५. आता पुणे-ठाण्याकडच्या टॉवरांमध्ये मायवान पद्धतीचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब ओतायचं बांधकाम आलं आणि बेडरूमची भिंतसुद्धा सळईसकट काँक्रीटची झाली. एसीचं जे भोक विटेत ड्रिल आणि छिन्नीनं व्हायचं, त्याला तिथे डायमंड बिट लागतं. तुमचं काम जुन्या वाड्या-बंगल्यांत जास्त की नव्या टॉवरांत, यावर निम्मी खरेदी ठरते.

एएसी ब्लॉक, म्हणजे हलका सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक, लोण्यासारखा कापला जातो. त्याला महागडं मशीन नको.

दिसायला भाऊ, कामाला वेगळे

दुकानात तीन गोष्टी एकाच फळीवर ठेवलेल्या असतात. एक, रोटरी हॅमरला लागणारं कार्बाइड दातांचं पोकळ बिट. ते ठोकत ठोकत वीट फोडतं, सळई आली की दात तुटतात. दुसरं, ग्राइंडरला लागणारं डायमंड होल कटर. ते टाइल आणि ग्रॅनाइटच्या जाडीपुरतं. तिसरं म्हणजे डायमंड कोअर मशीन. ते अजिबात ठोकत नाही, फक्त फिरतं आणि घासून कापतं, म्हणून त्याला सळईही कापता येते.

घरात रोटरी हॅमर आहे म्हणून त्यालाच अडॅप्टर लावून डायमंड बिट चालवणारे पाहिले आहेत. चुकून हॅमर मोड सुरू राहिला तर बिटच्या तोंडाचे सेगमेंट, म्हणजे कापणारे तुकडे, तडकतात, बिट गेलं. मोड फक्त ड्रिलवर ठेवला तरी मोठ्या बिटला ते मशीन पुरत नाही.

फेरे: इथे थोडं गणित आहे

बिटच्या कडेचा वेग महत्त्वाचा. सळईच्या काँक्रीटमध्ये ओल्या कटिंगला तो साधारण सेकंदाला २ ते ३ मीटर असावा. सोपा हिशोब असा: ४०,००० ते ६०,००० ला बिटच्या मिलिमीटर व्यासानं भागा, मिनिटाचे फेरे मिळतात. ६५ च्या बिटला साधारण ६०० ते ९००. १२७ ला ३०० ते ४७०. विटेत याहून जास्त चालतं.

आता स्वस्तातल्या एका गिअरच्या मशीनची पाटी वाचा. त्यावर २००० आरपीएम असतील तर १२७ च्या बिटची कड सेकंदाला तेरा मीटरच्या वेगानं धावेल. एवढ्या वेगात हिरा काँक्रीटला चावत नाही, त्यावरून घसरतो आणि गुळगुळीत होतो. पाच मिनिटं आवाज, वास आणि भोक एक सेंटीमीटर. मालकाला वाटतं बिट बोगस. बिट चांगलं असतं, मशीन त्याला नको तितकं पळवत असतं.

म्हणून निदान दोन गिअर हवेत. लहान बिटला वरचा, मोठ्याला खालचा. पाटीवर प्रत्येक गिअरचे फेरे आणि त्याला चालणारा व्यास छापलेला असतो. नसेल तर दुकानदाराकडून पुस्तिका मागा. पुस्तिका नसलेलं मशीन मी घेत नाही.

क्लच

याच एका गोष्टीवर मी अडून बसतो. समजा मशीन प्रत्यक्षात दीड किलोवॉट ताकद देतंय आणि बिट मिनिटाला ५०० फेरे फिरतंय. त्यातून साधारण २९ न्यूटन-मीटर पीळ निघतो. बाजूचा दांडा मध्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर तिथे सुमारे दहा किलोचा जोर हाताला पेलावा लागतो. हा चालू कामातला जोर. सळईत बिट एकदम थांबतं तेव्हा आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याचा सगळा झटका यात मिळतो, आणि तो याच्या कितीतरी पट असतो.

यांत्रिक स्लिप क्लच अशा वेळी कटकट आवाज करत निसटतो आणि झटका तुमच्यापर्यंत पोचत नाही. बऱ्या मशीनांत त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक रक्षण असतं: भार वाढला की मोटर आपोआप थांबते. दोन्ही असतील तर उत्तम. एकच मिळत असेल तर यांत्रिक घ्या. "याला क्लच लागत नाही, मोटर दणकट आहे" असं कुणी म्हणालं तर दुकान बदला. मोटर जितकी दणकट तितका झटका मोठा, हे त्याला ठाऊक नसेल किंवा तुम्हाला सांगायचं नसेल.

बाजूचा दांडा लांब, धातूचा आणि पक्क्या कॉलरनं आवळला जाणारा हवा. नुसता आट्यावर फिरवून बसवायचा प्लास्टिकचा दांडा कामात सैल होतो.

हातात किती, स्टँडवर किती

पाटीवर १८० मिमी लिहिलंय म्हणजे हातात धरून १८० मारता येईल असं नाही. तो आकडा बहुतेकदा स्टँडवरचा असतो. हातातली मर्यादा, काँक्रीटमधली मर्यादा आणि विटेतली मर्यादा असे तीन वेगळे आकडे पुस्तिकेत असतात. माझा स्वतःचा नियम: सळईच्या काँक्रीटमध्ये हातात ९० पर्यंत. त्यापुढे स्टँड, मग मशीन कितीही भारी असो. त्यामुळे मशीन हातातलंच घेत असाल तरी पुढे स्टँडवर चढेल असं घ्या. त्याच्या मानेवर स्टँडच्या क्लॅम्पसाठी गोल गळा असतो, त्याचा व्यास विचारून ठेवा.

वजन प्रत्यक्ष उचलून बघा. सहा किलोचं मशीन, त्यात बिट, त्यात पाण्यानं जड झालेली नळी. दुकानात छातीच्या उंचीवर दोन मिनिटं धरून उभं राहा. दुकानदार हसला तर हसू दे.

ओलं की कोरडं

काँक्रीटला पाणी, विटेला आणि जांभ्याला कोरडं चालतं, एवढं सूत्र धरा. पाणी बिटला थंड ठेवतं आणि कापलेला भुगा बाहेर काढतं. कोरड्या कामात ते काम व्हॅक्यूम करतो. काँक्रीटच्या कोरड्या धुळीत सिलिका असते, आणि तिची बारीक धूळ फुफ्फुसात खोल गेली की सहज बाहेर येत नाही. नाकाला रुमाल बांधून हे काम करणारी पोरं पाहिली की मला राग येतो. निदान एन-९५ तरी लावा.

दोन्ही कामं करायची तर दोन्हींसाठी बनवलेलं मशीन घ्या. फक्त कोरड्या कामाच्या मशीनला बाहेरून नळीनं पाणी मारू नका, मोटरला त्यापासून काही आडोसा नसतो. पाण्यासाठी फवारणीचा पाच-दहा लिटरचा पंप पुरतो, साइटवर नळ शोधत बसावं लागत नाही.

बिट: इथे पैसे वाचवू नका

डायमंड बिटच्या तोंडाला सेगमेंट असतात. धातूच्या भुकटीत हिऱ्याचे कण मिसळून ते बनवतात, या धातूला बाँड म्हणतात. कापताना धातू झिजतो आणि नवे कण उघडे पडतात, त्यांनीच धार राहते. आता खरी गंमत. कठीण दगडाला मऊ बाँडचं बिट लागतं आणि मऊ, खरखरीत मालाला कठीण बाँडचं. उलटं वाटतं, पण कारण साधं आहे: कठीण गुळगुळीत दगड धातूला झिजवत नाही, मग बाँडच मऊ हवा.

आपल्याकडे याला फार अर्थ आहे. घाटावरच्या काँक्रीटमधली खडी म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. आता वाळूही बऱ्याच ठिकाणी त्याचीच क्रश केलेली. हे काँक्रीट बिटला झिजवण्याऐवजी घोटून गुळगुळीत करतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती, त्या मऊ पण खरखरीत. पुण्यात महिनोन् महिने चालणारं बिट तिथे सावंतवाडीला आठवड्यात बसलेलं मी पाहिलंय. दुकानदाराला "कोअर बिट द्या" म्हणू नका. "काळ्या खडीच्या आरसीसीसाठी, ओल्या कामाचं" असं सांगा.

जोडणीही बघा. कोरड्या कामाच्या बिटचे सेगमेंट लेझर वेल्डेड हवेत. चांदीच्या झाळणीचे सेगमेंट उष्णतेनं सुटतात आणि सुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. ओल्या कामाला झाळणीचे चालतात. अशा बिटवर नवे सेगमेंट बसवून देणारेही भेटतात, नळकांडं सरळ असेल तर ते स्वस्त पडतं.

आटे जुळवून घ्या. बाजारात सव्वा इंची यूएनसी, एम २२ आणि अर्धा इंची बीएसपी असे तीन प्रकार फिरतात. मशीन एकाचं आणि बिट दुसऱ्याचं घेऊन साइटवर पोचणारा मी पहिला नव्हे. बिट आणि मशीनमध्ये तांब्याची पातळ रिंग टाका, नाहीतर काम संपल्यावर बिट सोडवताना दोन पान्यांवर दोन माणसं लोंबकळतात.

लांबीचंही भान ठेवा. २३० ची भिंत, वर दोन्हीकडचं प्लास्टर आणि टाइल धरून २८० होते. ३०० चं बिट जेमतेम पोचतं. ३५० च्या पुढचं घ्या.

वीज

१८०० वॉटचं मशीन २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर खेचतं, २५०० वॉटचं ११. म्हणजे घरातलं ६ अँपिअरचं सॉकेट विसरा, गीझर किंवा एसीचं १६ अँपिअरचं वापरा. एक्स्टेन्शन २.५ स्क्वेअर मिमीची, तीन कोअरची आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या रीळावर तार तापते.

पाणी आणि वीज एकाच हातात आहेत. मशीनच्या केबलवर गळती-रक्षक डबी आलेली असेल तर तिचं टेस्ट बटण रोज दाबा. नसेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला बोर्ड सोबत बाळगा. ग्राहकाच्या घरात तो असेलच असं धरून चालू नका.

काउंटरवर

हिल्टी, बॉश यांच्यापासून चिनी बनावटीच्या मशीनपर्यंत सगळं मिळतं. स्वस्तातलं मशीन घेणं चूक नाही. मी ज्यावर आजही काम करतो ते मधल्या भावाचं आहे. फक्त पैसे देण्याआधी तिथेच चार गोष्टी मागा: कार्बनची (मोटरच्या ब्रशची) एक जोडी, स्पिंडलचं (बिट बसवायच्या दांड्याचं) पाण्याचं सील, आर्मेचर आणि स्विच. हे सुटे भाग दुकानात किंवा त्याच गल्लीत मिळत असतील तर मशीन दहा वर्षं जगेल. "मागवून देतो" हे उत्तर आलं तर ते मशीन पहिल्या बिघाडानंतर कपाटात जाणार. बिल जीएसटीचं घ्या आणि वॉरंटी कार्डावर मशीनचा नंबर समोर लिहून घ्या.

जुनं मशीन घेताना स्पिंडल हातानं वर-खाली हलवून बघा, खेळ असेल तर बेअरिंग गेलंय. मग बिट लावून तुकड्यावर थोडा दाब द्या. मोटर चालू आणि बिट थांबलेलं, हे हलक्या दाबातच घडलं तर क्लचच्या प्लेटा झिजल्यात. गिअर बॉक्समधून ग्रीस आणि पाण्याची दुधट रबडी गळत असेल तर हात जोडून निघा.

विकत की भाड्यानं, याचा हिशोब दोन ओळींत होतो. मशीन, दोन बिटं आणि पंप यांची बेरीज भाड्याच्या एका दिवसाच्या दरानं भागा. समजा उत्तर ४० आलं आणि तुम्हाला वर्षातून दहाच दिवस मशीन लागतं, तर चार वर्षं भाडंच बरं. भाड्यावर बिटची झीज वेगळी लावतात का, तेही आधी विचारा.

पहिलं भोक

पहिलं भोक ग्राहकाच्या घरी पाडू नका. साइटवर पडलेला स्लॅबचा तुकडा मागून आणा.

प्लायवूडच्या पट्टीला त्याच बिटनं भोक पाडा आणि ती पट्टी भिंतीवर पक्की धरून तिच्यातून सुरुवात करा, बिट नाचत नाही. पट्टी नसेल तर बिट किंचित तिरकं धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडा आणि हळूहळू सरळ करा. पाय फाकवून उभं राहा. शिडीवर नाही, घोड्यावर किंवा परांचीवर. बाहेरच्या भिंतीत बिटचं तोंड बाहेर थोडं खाली झुकलेलं हवं, २३० च्या भिंतीला पाच-आठ मिमी उतार पुरतो.

मग भोकातून येणाऱ्या भुगा-पाण्याच्या रबडीकडे बघत राहा, ती सगळं सांगते. ताकासारखी करडी धार म्हणजे काम छान चाललंय. पाणी स्वच्छ येतंय म्हणजे बिट कापतच नाही किंवा पाणी जास्त झालंय. घट्ट चिखल म्हणजे पाणी कमी. रबडी एकदम काळपट झाली, त्यात चमचमणारी बारीक कीस दिसली आणि आवाज बारीक झाला की सळई आली. दाब कमी करा, खालचा गिअर घ्या, बिटला वेळ द्या.

पण त्याआधी एक प्रश्न: ती सळई कापायची परवानगी आहे का? कॉलम आणि बीमला हात लावायचाच नाही. गॅलरीच्या आणि छज्जाच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला असते, तिथे एक सळई कापणं महागात पडतं. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये ताणलेली केबल कापली गेली तर जिवावर बेतू शकतं. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची खूण, दोन्ही हातात आल्यावरच मशीन पेटीतून काढा. सळई शोधायचा डिटेक्टर परवडत असेल तर दुसऱ्या बिटआधी तो घ्या.

आणि खालच्या मजल्यावर माणूस ठेवा. १२७ च्या बिटनं १५० मिमीच्या स्लॅबमधून निघणारा गाभा चार किलोचा असतो. माझा एकदा सुटला आणि खालच्या बाथरूममधलं नवंकोरं बेसिन फुटलं. माणूस नव्हता हे नशीब, बेसिनचे पैसे मी भरले. आता खाली तक्ता आणि टेकू लावल्याशिवाय मी शेवटचे दोन सेंटीमीटर कापत नाही. डोक्यावरच्या स्लॅबला हातातल्या मशीननं ओलं कटिंग करायचं नाही, सगळं पाणी मोटरकडेच येतं.

गाभा बिटमध्ये अडकला तर नळकांड्यावर हातोडी मारू नका, ते चेपतं आणि पुढचं प्रत्येक भोक वेडंवाकडं होतं. बिट उभं धरून लाकडी मुठीनं हलके ठोके द्या, नाहीतर मागून स्पिंडलच्या भोकातून सळई घालून ढकला. बिट गुळगुळीत झालं असेल तर पाणी कमी करून भाजक्या विटेत नाहीतर वाळूच्या दगडात दोन-तीनदा चालवा, हिरे पुन्हा उघडे पडतात.

रबडी बाथरूमच्या ट्रॅपमध्ये ओतू नका, तिथेच बसून घट्ट होते. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं पाणी टाका आणि खालचा गोळा डेब्रिसच्या गोणीत भरा. मशीन पुसून, पाण्याची नळी काढून, दोन मिनिटं मोकळं फिरवून मगच पेटीत ठेवा. कार्बन दर महिन्याला उघडून बघा. माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक जोडी कायम चिकटवलेली असते.